कुंकू लावलेली डिस्क

निघोज्याच्या सयाजीशेठच्या शेडमधला जुना कॉम्प्युटर तीन महिन्यांपासून मरणाला टेकला होता. सकाळी बटण दाबलं की आतून टकटक आवाज यायचा, स्क्रीन निळा व्हायचा, पुन्हा टकटक, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागल्यावर एकदाचा तो उठायचा. ऑपरेटर लोक त्याला 'म्हातारा' म्हणायचे. म्हातारा ज्या दिवशी उठणार नाही त्या दिवशी शेडचं शटर खाली येणार, हे झाडणाऱ्या बाईपासून शेठपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असूनही तीन महिने कुणी काही केलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या पोटात तीनशे बारा प्रोग्राम होते. लोखंडाचा ठोकळा कुठून कापायचा, भोक कुठे पाडायचं, टूल किती खाली न्यायचं, हे मिलिंग मशीनला ओळीओळीने सांगणारे. मशीनला स्वतःला एका वेळी चार-पाचच लक्षात राहायचे, बाकीचे म्हाताऱ्याकडून केबलने मागवायचे. शेठचा सगळा धंदा कंपन्यांनी बनवणं बंद केलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचा. कुठे पन्नास नग, कुठे ऐंशी. अशा किरकोळ कामाला चाकणमधलं दुसरं कुणी हात लावत नव्हतं, कारण त्यांच्याकडे हे तीनशे बारा प्रोग्राम नव्हते. अकरा माणसांची घरं त्यावर चालत होती.

आणि ते सगळेच्या सगळे एका माणसाने लिहिले होते. भिवाने. एकोणीस वर्षं दापोडीहून निघोज्याला येऊन-जाऊन. दोन वर्षांपूर्वी शुगरने त्याची नजर नेली, आणि त्याच्या खुर्चीत त्याचा मुलगा नागसेन येऊन बसला.

नागसेन तेहतीस वर्षांचा. त्याआधी तो मोठ्या कंपन्यांत सात-सात महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करायचा. सात महिने भरले की ब्रेक, मग नवं गेट, नवा पास. त्याला कंटाळून तो इथे आला खरा, पण शेठशी कधी मोकळा बोलला नाही. काम सांगितलं की करायचा, चहा दिला की प्यायचा, आणि मनातल्या मनात शेठला शिव्या द्यायचा. त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी त्याची आई, सोजरबाई, पिंपरीच्या दवाखान्यात दुपारी तीनला गेली आणि बाप तिथे साडेपाचला पोचला. "शेठनं सोडलं न्हाई," एवढंच भिवा म्हणाला होता. तेवढं नागसेनला आठ वर्षं पुरलं.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की प्रोग्रामची कॉपी का काढून ठेवली नव्हती. तर दहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि दोन दिवस मशीन बंद पडलं. तेव्हा शेठने म्हाताऱ्याची पेन ड्राइव्ह लावायची सगळी भोकं स्वतःच्या हाताने एम-सीलने बुजवून टाकली. नळाची गळती थांबवल्यासारखी. भिवाने एकदा सीडी काढली होती, ती शेठच्या कपाटात पडून बुरशीने खाल्ली. त्यानंतर 'बघू, करू' यातच वर्षं गेली.

शेवटी नागसेननेच मनावर घेतलं. गुरुवार धरला, कारण चाकण पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते आणि शेड रिकामं असतं. म्हाताऱ्याला नवीन जातीची डिस्क सोसेल की नाही याची त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने पुण्यात फिरून त्याच कंपनीची, त्याच मापाची, दुरुस्त करून पुसलेली एक डिस्क आणली होती. सोबत मित्राचा डॉक. हा एक दोन खाचांचा डबा असतो. एका खाचेत भरलेली डिस्क घालायची, दुसरीत रिकामी, आणि बटण दाबायचं. भरलेलीतलं सगळं रिकामीत जसंच्या तसं उतरतं. डबा काही विचारत नाही. उलट्या घातल्या तर तो रिकामेपणसुद्धा तेवढ्याच इमानदारीने भरलेलीवर उतरवतो.

सकाळी दहाला नागसेनने म्हाताऱ्याचं पोट उघडलं, डिस्क काढली आणि टेबलावर पेपर पसरून नवीनच्या शेजारी ठेवली. दोघी जुळ्या बहिणी. तोच पत्रा, तसंच लेबल, तसेच ओरखडे. खूण करायला त्याने मार्कर उचलला तर तो वाळलेला. म्हणून पेन शोधायला तो ऑफिसात गेला, आणि तिथे फोन वाजला.

फोन ज्या कंपनीचं सगळ्यात जास्त काम शेडकडे होतं तिच्या खरेदी खात्यातल्या माणसाचा होता, सुट्टीच्या दिवशीही. "नागसेन, उद्या बारा वाजता गाडी येतेय. बेअरिंग हाउसिंगचे साठ नग. आता उशीर झाला ना, तर साहेब सगळंच काम दुसरीकडे हलवणार आहेत. मी आधी सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

"होतील सर. सकाळी सातला मशीन चालू करतो," नागसेन म्हणाला. हे हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवायचं लोखंडी घर, कंपनीने तीन वर्षांनी मागवलं होतं. म्हाताऱ्यातून प्रोग्राम घ्यायचा आणि चालवायचा, एवढंच काम होतं.

तो परत आला तेव्हा दोन्ही डिस्क पेपरवर सरकलेल्या होत्या आणि एकीवर हळदीकुंकू लावलेलं होतं.

नागसेनला हसू आलं. शेठची बायको अंबूबाई शेडच्या मागेच राहायची, आणि शेडमध्ये आलेली कुठलीही नवी वस्तू तिच्या कुंकवातून सुटत नसे. फोर्कलिफ्टला कुंकू, ड्रिलला कुंकू, मागच्या महिन्यात आलेल्या पाण्याच्या कूलरलासुद्धा कुंकू. नागसेनच्या घरी ही पद्धत नव्हती. पण दोन वर्षांत त्याला एक गोष्ट पाठ झाली होती, की इथे ज्यावर कुंकू ते नवं. चला, काकूंनी खूण करून टाकली, पेनाची गरजच राहिली नाही, असं म्हणत त्याने कुंकवाची डिस्क रिकामीच्या खाचेत घातली, बिनकुंकवाची भरलेलीच्या खाचेत घातली, आणि बटण दाबलं. दिवे लुकलुकायला लागले. तो खुर्चीत मागे रेलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

पाच मिनिटं झाली असतील-नसतील, अंबूबाई चहा घेऊन आली.

"झालं का रं? आणि ती जुनी भंगारात टाकू नको हां. कुंकू लावून ठेवलंय तिला. देहूला गेले की इंद्रायणीत सोडीन."

नागसेनचा हात कपाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"कुठलीला लावलं, काकू?"

"जुनीला. तू काढताना बघितली मी. एवढी वर्सं आमच्या पोटाला घातलं तिनं. आता घराबाह्येर निघाली. लेक सासरी निघाली तर कुंकू लावल्याबिगर धाडतो व्हय आपण? नवीला लावीन की, आत बसवल्यावर."

त्याने उठून डॉकची वायर भिंतीतून उपटली. खुर्ची मागे पडली, चहा पेपरवर सांडला. दिवे विझले आणि बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रक रिव्हर्स घेत होता ते ऐकू आलं.

पाच मिनिटं. पाच मिनिटांत किती पुसलं गेलं असेल, याचा हिशोब त्याला येत होता, आणि तो हिशोब त्याला नको होता. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात सगळ्या फायलींच्या नावांची यादी असते, पुस्तकातल्या अनुक्रमणिकेसारखी. पुसणं सुरुवातीपासूनच सुरू होतं. म्हणजे ती यादी पहिल्यांदा गेली. बापाची एकोणीस वर्षं. ज्या वर्षांनी बापाचे डोळे घेतले, आईचा शेवटचा दिवस घेतला, ती वर्षं त्याने स्वतःच्या बोटाने बटण दाबून पुसली होती.

"काय झालं? आरं, बोल की! पांढरा पडलास," अंबूबाई घाबरली.

तेवढ्यात सयाजीशेठ शटरखालून वाकून आत आला. साठीचा, जाड, निघोज्याच्या जुन्या घराण्यातला माणूस. हातात फोन. "कंपनीचा फोन आला व्हता म्हनं? झालं का डिस्कचं?"

आणि त्या क्षणी नागसेनच्या जिभेवर खोटं तयार होतं. डिस्क तीन महिने मरतच होती. 'मेली शेठ, चालू करताच मेली,' एवढं म्हटलं असतं तर देवालासुद्धा पत्ता लागला नसता. शेठने नशिबाला शिव्या दिल्या असत्या, अंबूबाईला काही कळलं नसतं, आणि घरी बापाला तोंड दाखवता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही.

"माज्यामुळं झालं," अंबूबाई म्हणाली. तिला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण तिच्या कुंकवामुळे झालं एवढं तिला नागसेनच्या चेहऱ्यावरून समजलं होतं. "मी जुनीला कुंकू लावलं."

नागसेनला स्वतःची लाज वाटली. "काकूंचं काही नाही, शेठ," तो म्हणाला. "मी न विचारता धरून चाललो. उलट्या लावल्या. डिस्क माझ्या हातून पुसली गेली."

मग सयाजीशेठ जे बोलला ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. अंबूबाईच्या माहेरापासून नागसेनच्या दहावीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. कूलरला एक लाथ बसली. शेवटी शेठचा दम संपला आणि तो पडलेल्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला.

"अकरा मानसं हायेत रं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आता या वयात काय करू? गावची जमीन इकून हे शेड घातलं. उद्या बाराला गाडी येतीया."

हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

नागसेनने जुनी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हरवलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालू केलं. जे अजून पुसलं गेलं नव्हतं ते कुठेतरी असणार. म्हातारी डिस्क टकटक करत होती आणि प्रत्येक टकटकीला नागसेन मनात म्हणत होता, थांब ग बाई, एवढं दे आणि मग खुशाल मर. अकरा वाजले, एक वाजला. कुणी जेवलं नाही. अंबूबाई देवापुढे जाऊन बसली ती उठलीच नाही. शेठ दर दहा मिनिटांनी येऊन "किती झालं?" विचारायचा, आणि पट्टी तेवढ्या वेळात केसभरही पुढे सरकलेली नसायची.

साडेतीनला काम संपलं. दोनशे एकाहत्तर फायली सापडल्या. नागसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने त्या बघितल्या आणि ते पाणी तिथेच थिजलं.

एकीलाही नाव नव्हतं. नुसते आकडे, एक ते दोनशे एकाहत्तर. पूर्वी फाइलचं नाव म्हणजेच त्या भागाचा नंबर असायचा, ड्रॉइंगवर असतो तोच. आता कुठला प्रोग्राम कुठल्या भागाचा, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. आतले आकडे एकेका ड्रॉइंगशी ताडून पाहता आले असते, पण त्यात महिने गेले असते. नुसती बेअरिंग हाउसिंगच सोळा प्रकारची होती, मधल्या मोठ्या गोल भोकात, म्हणजे बोअरमध्ये, एकमेकांपासून केसाएवढ्या फरकाची. अंदाजाने चुकीचा प्रोग्राम लावला तर टूल तुटणार, नाहीतर साठच्या साठ नग भंगारात जाणार.

"पैल्या ओळीत कायतरी लिवलेलं असतंय की," शेठ म्हणाला.

असायचं. प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत कंसात काहीही लिहायची सोय असते. कंसातलं मशीन वाचत नाही. बाकीचे प्रोग्रामर तिथे भागाचं नाव लिहितात. भिवा म्हणायचा, नाव फाइलवर आहेच, दोनदा कशाला लिहायचं? म्हणून तो तिथे त्या दिवशीचं काहीबाही लिहायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. नागसेनने दोन वर्षांत तसल्या बऱ्याच ओळी पाहिल्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून सोडून दिल्या होत्या. कंसातलं मशीन वाचत नव्हतं, आणि माणसंही वाचत नव्हती.

त्याने पहिली फाइल उघडली. 'पाऊस. रूळ पाण्यात. चालत आलो.'

दुसरी. 'नवीन चष्मा.'

शेठने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ह्याचा काय अर्थ लावायचा?" मग म्हणाला, "भिवाला इचार."

नागसेनला नेमकं तेच नको होतं. डोळे गेलेल्या बापापुढे बसून सांगायचं की तू जे केलंस ते मी पुसलं. त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली. पण शेठ आधीच ड्रॉइंगच्या तीन फायली काखेत मारून उठला होता. "चल. मी बी येतो."

इतक्या वर्षांत सयाजीशेठ भिवाच्या घरी कधी आला नव्हता. सोजरबाईच्या वेळी स्मशानात उभा राहून गेला होता, तेवढाच. आज तो नागसेनच्या मोटारसायकलवर लॅपटॉप सांभाळत मागे बसून मोशी, भोसरी करत, धूर खात दापोडीच्या रुळालगतच्या गल्लीत आला. दार लहान होतं, वाकून आत शिरला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सोजरबाईचा. नागसेनच्या बायकोने, भाग्यश्रीने, पाणी पुढे केलं. शेठने ते एका दमात संपवलं आणि अजून मागितलं.

भिवा खाटेवर बसला होता. त्याला उजेड कळायचा, माणूस आवाजावरून कळायचा. "शेठ? तुमी? हितं?" म्हणून तो उठायला लागला, आणि नागसेनने त्याला खांदा धरून खाली बसवलं.

मग त्याने सांगितलं. मधे थांबला नाही, कुणाला दोष दिला नाही. सांगून झाल्यावर तो बापाच्या शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या आल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती राहिले?" भिवाने विचारलं.

"दोनशे एकाहत्तर."

"म्हंजे एकेचाळीस गेले." भिवाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेरून लोणावळ्याची लोकल गेली, भांडी थरथरली. "वाच," तो म्हणाला.

"पाऊस. रूळ पाण्यात. चालत आलो."

"क्लच लिव्हर, डाव्या बाजूचा. उजव्याला लिवलंय, 'पाऊस थांबला'. बघ, पुढं असंल."

शेठने घाईघाईने ड्रॉइंग उलटली, नंबर सापडला, कागदावर उतरवला.

"नवीन चष्मा."

"पंपाची प्लेट. चार होल. पैल्याच नगाला होल चुकलं व्हतं चष्म्यापायी."

"नागसेन दहावी पास. एकसष्ट टक्के."

"गिअर कव्हर. आठ होल, मधी खाच." भिवा जरासा हसला. "त्या दिवशी टॉलरन्स एकदम भारी आला व्हता, मापात केसाचा फरक न्हाई."

असं सुरू झालं. नागसेन वाचायचा, बाप सांगायचा, शेठ नंबर शोधून लिहायचा. भिवा अडखळत नव्हता. दिवस सांगितला की भाग सांगत होता, भोकं सांगत होता, माप सांगत होता. 'चौदा एप्रिल. सुट्टी नाही. पेढे आणले. शेठने दोन खाल्ले.' याला भिवा म्हणाला, "ब्रॅकेट," आणि शेठ खाली मान घालून म्हणाला, "आता देतो की सुट्टी, भिवा." "आता मी कुठं येतोय," भिवा म्हणाला. कुणी हसलं नाही, पण कुणाला रागही आला नाही.

साठ झाले, नव्वद झाले. उद्याचं हाउसिंग मात्र येत नव्हतं.

"पप्पा, बेअरिंग हाउसिंग, बावन्नचा बोअर, सहा होल. त्याच्यावर काय लिहिलं होतं? तेवढं सांगा, मी शोधतो. उद्या सकाळी तेच लागणार आहे."

भिवाचा चेहरा एकदम बंद झाला. "न्हाई आठवत."

"बाकी सगळं आठवतंय की तुम्हाला."

"न्हाई आठवत म्हनलं ना. त्ये एकेचाळिसात गेलं असंल. सोडून द्या त्ये."

"भिवा, सोडून कसं द्यू?" शेठचा आवाज फुटला. "गाडी बाराला हाय. त्ये गेलं तर सगळं गेलं रं."

"पुढचं वाच," एवढंच भिवा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. आता तो प्रत्येक ओळीआधी श्वास रोखायचा. ओळ ऐकली की सोडायचा. नागसेनला वाटलं, दमला असेल.

एकशे चौतिसावी फाइल उघडली. नागसेनने ती वाचायला तोंड उघडलं आणि थांबला.

त्याने ती मनात वाचली, मग पुन्हा वाचली. अक्षरं तीच राहिली. आठ वर्षं ज्या माणसाला तो मनात शिव्या देत होता तो हातभर अंतरावर पेन धरून बसला होता.

"काय लिवलंय?" शेठने विचारलं.

सकाळी जे खोटं जिभेवर येऊन परत गेलं होतं, तसंच एक आता पुन्हा आलं. 'ओळ रिकामी आहे, शेठ.' बापाला दिसत नव्हतं. लॅपटॉपची पाठ शेठकडे होती. कुणाला कळलं नसतं.

पण ज्याला दिसत नव्हतं त्याला थांबणं ऐकू आलं होतं.

"वाच," भिवा म्हणाला.

"पप्पा..."

"वाच म्हनलं ना. मोठ्यानं. शेठला ऐकू दे."

नागसेनने वाचलं. "सोजर अ‍ॅडमिट. शेठला सांगितलं नाही. बोअर जमत आलाय. चारला निघेन."

स्वयंपाकघराच्या दारात भाग्यश्री उभी होती, ती तशीच उभी राहिली. शेठने हातातला पेन खाली ठेवला आणि आपल्या रुंद तळहातांकडे बघत बसला.

"भिवा," तो म्हणाला, "मी न्हाई म्हनलो असतो व्हय रं तुला?"

"न्हाई. सोडलं असतं तुमी. गाडी बी दिली असती." भिवाचे निकामे डोळे सरळ समोर होते, जिथे सोजरबाईचा फोटो होता तिथे. "मलाच जायाचं नव्हतं. चार दिस त्यो बोअर छळत व्हता, आन त्या दिवशी जमायला लागला व्हता. म्हनलं, ताप तर हाय. तासाभरानं काय व्हतंय? नागसेनला म्या खोटं सांगितलं. तुमच्या नावावर घातलं."

नागसेनला खूप काही बोलायचं होतं. आईने दोनदा विचारलं होतं, आले का, म्हणून. त्याने दोनदा सांगितलं होतं, निघालेत. ते सगळं वर आलं, आणि त्याला कळेना की राग कुणावर काढायचा. शेठवरचा राग एका ओळीत संपला होता आणि बापावर काढावा तर समोर हा असा आंधळा म्हातारा, स्वतःहून 'वाच' म्हणालेला. तो स्वतःही सकाळी बटण दाबून खुर्चीत रेललाच होता की. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"हाच उद्याचा पार्ट," भिवा म्हणाला. "बावन्नचा बोअर, सहा होल. बिनधास्त लावा मशीनला. एका मायक्रॉनचा फरक पडायचा न्हाई. शेठ, नंबर लिवा."

शेठने पेन उचलला. ड्रॉइंगची पानं त्याला लगेच सापडेनात, म्हणून नागसेनने पुढे वाकून फाइल त्याच्या मांडीवर नीट धरली. दोघांची डोकी एका कागदावर वाकली. शेठने नंबर लिहिला, खाली रेघ मारली.

"पुढचं वाच," भिवा म्हणाला.

नागसेनने एकशे पस्तिसावी फाइल उघडली. "आजपासून डबा नागसेन करून देतो," तो वाचायला लागला. "मीठ जास्त. सांगितलं नाही."

भिवाने चाचपडत हात पुढे केला. तो नागसेनच्या गुडघ्याला लागला आणि तिथेच राहिला.

"स्पेसर," तो म्हणाला. "चार होल."